बेल्ट अडकवायचा कशाला?

‘तोल जाऊन पडल्याने मजुराचा मृत्यू.’ आतल्या पानावर, तळाला, चार ओळी. त्या मजल्यावर कठडा होता का? खाली जाळी बांधली होती का? चार ओळींत ते बसत नाही. चूक मात्र मेलेल्याच्या नावावर जमा होते.

कुठल्याही साइटवर मान वर करून बघा. परांचीवरच्या गवंड्याच्या अंगात सेफ्टी बेल्ट दिसेलही. आता त्याचा हूक कुठे आहे ते बघा. कित्येकदा तो त्याच्याच कमरेशी लोंबकळत असतो, कारण अडकवायला वर दोरच नाही.

बेल्ट आणला की बिल दाखवता येतं. दोर नीट बांधायचा तर अर्धा दिवस काम थांबवावं लागतं.

तो अर्धा दिवस कुणी देत नाही.

मार्च २०२५, नागपाडा. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतली पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले ४ मजूर गुदमरून गेले. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो, पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, हे या धंद्यात कुणाला ठाऊक नाही? आधी आतली हवा तपासा, पंखा लावा, तोंडाशी दोर धरून एक माणूस उभा करा. यातलं नेमकं काय परवडत नाही?

भोसरी, ऑक्टोबर २०२४. इथे तर कामावर जायचंही बाकी होतं. सकाळी लेबर कॅम्पमधलीच पाण्याची टाकी फुटली, ५ गेले. बाळकुम, सप्टेंबर २०२३. गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग उरकून खाली येताना लिफ्ट कोसळली, ७. त्याआधी महिनाभर शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर रात्रीच्या कामात गर्डर लाँचर कोसळला, २०. कोंढवा, जून २०१९. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर सोसायटीची भिंत पडली, १५. त्यात लहान मुलं होती.

त्या मुलांचा तोल गेला होता का?

मग जबाबदारी कुणाची? बिल्डर ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार पोटठेकेदाराकडे, तो मुकादमाकडे. मुकादम सापडतो, कारण तो साइटवरच राहतो. होर्डिंगवर ज्याचं नाव वीस फुटी अक्षरांत असतं, त्याचं नाव कित्येकदा एफआयआरमध्ये का सापडत नाही?

कायदा नव्हता असं नाही. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा होता. सुरक्षेचे नियम मोडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, जास्तीत जास्त २,००० रुपये. आता कामगारांच्या सुरक्षेची नवी संहिता आली. निष्काळजीपणाने जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पैसे भरून तुरुंग टाळायची वाट उघडीच. पाच लाखांत मुंबईत गाडी लावायला जागा मिळते का?

मेल्यावर घरच्यांच्या हाती काय पडतं? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची मदत आहे, पण ती नोंदणी असेल तर. नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरून आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्या बिगाऱ्याला तो कोण देणार? ठेकेदार सही टाळतो, कारण सही केली की हा माणूस आपला होता हे कबूल करावं लागतं.

जिवंतपणी जो कुणाचाच नव्हता, त्याच्या मरणाची जबाबदारी कोण घेईल?

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या मंजुऱ्या दिसतात, कोर्टातले वाद दिसतात. तिथे आणखी एक रकाना टाका. या जागेवर किती माणसं मेली, कशाने मेली आणि गुन्हा कुणावर दाखल झाला. बुकिंगचा चेक लिहिण्याआधी फ्लॅट घेणाऱ्याला हे वाचता आलं पाहिजे. सरकारने आदेश काढायचा ठरवला, तर याला नवा कर लागत नाही की नवी समिती.