उपराजधानीचा अपटाइम

इतवारीतल्या आमच्या काकाजींनी अखेर वेबसाइटचं होस्टिंग बदललं. मसाल्याचं ठोक दुकान, तीन पिढ्यांची गादी, आणि साइट मात्र ऐन सणात आडवी. कंपनीला फोन केला की 'सर्व्हर डाऊन आहे' एवढं गोड आवाजात कळायचं. कारण विचारलं की तिकीट नंबर मिळायचा. "तिकीट घेऊन मी काय रेल्वेनं येऊ का बे तिथं?" काकाजी ओरडायचे, तोवर पलीकडून गाणं लागलेलं असायचं.

नवी कंपनी विश्वासार्ह होती, कारण तसं तिच्याच जाहिरातीत छापलं होतं. ९९.९ टक्के अपटाइमची हमी! हिशेब वर्षाचा धरला, तर उरलेला ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास. म्हणजे साइट धनत्रयोदशीला सकाळी ११ वाजता झोपली आणि संध्याकाळी पावणेआठला जांभई देत उठली, तरी करार शाबूत. फारच कुरकुर केली तर भाड्यात थोडी सूट देतात म्हणे. गेलेलं गिऱ्हाईक त्यात बसत नाही.

पण नागपूरकराला ९९.९ चं अप्रूप वाटणारच. १९५६ पर्यंत हे शहर राजधानी होतं. १ नोव्हेंबरला सगळा कारभार मुंबईच्या सर्व्हरवर गेला. १९५३ च्या नागपूर करारात लिहून घेतलं होतं की सरकार काही काळ इकडे मुक्कामाला येईल आणि विधिमंडळाचं वर्षातून एक तरी अधिवेशन इथे होईल. २०२० आणि २०२१ साली हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकलं. २०२५ चं ८ ते १४ डिसेंबर, म्हणजे सात दिवस. अपटाइम दोन टक्क्यांहून कमी! एवढ्या कामगिरीवर कुठल्याही होस्टिंगवाल्याचं दुकान उठलं असतं. इथे मात्र दरवर्षी रविभवनाला रंग लागतो, आमदार निवासाचे नळ बदलतात आणि मुंबईहून फायलींचे ट्रक निघतात.

तर काकाजींचं स्थलांतर. माल हलवायला अर्धा तास पुरला. अडलं नावापाशी. साइट बारा वर्षांपूर्वी भाच्याच्या मित्रानं करून दिली होती आणि डोमेन त्यानं स्वतःच्याच ईमेलवर नोंदवलं होतं. तो आता पुण्यात, हिंजवडीला. ओटीपी जातो त्याच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर आता भलत्याच माणसाकडे. राजधानी गेली तेव्हा आपल्याकडे निदान 'उप' लावून नाव तरी उरलं. काकाजींचा माल हाती आला आणि नावच परगावी. माझं तर स्पष्ट मत आहे, होस्टिंग कोणाचंही घ्या, ती भाड्याची जागा. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. पण हे सांगण्यात कोणाला कमिशन नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

मित्र सापडला, दोन किलो संत्राबर्फी पोहोचली, नेमसर्व्हर बदलले. पुढचे दोन दिवस धरमपेठेत नवी साइट दिसायची आणि महालात जुनी. "जुनी ऑर्डर कुठं गेली बे?" असं काकाजींनी विचारल्यावर साइट हलवणारा दुकानातला पोरगा शांतपणे म्हणाला, "काकाजी, बॅकअप आहे ना. जुन्याच सर्व्हरवर."

हसू नका. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला एक अख्खं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काहींचे बॅकअपही त्याच आवारात होते. २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी नोकरांच्या फायलींचे ८५८ टेराबाइट गेले. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. कोरियाचं सरकार आणि इतवारीचा पोरगा, विचार सारखाच.

असो. आता काकाजींची साइट मिनिटभरही बंद पडत नाही. पहिल्याच पानावर भिवापुरी मिरचीचा २०१९ चा भाव आहे, ठळक लाल अक्षरांत, आणि तो बदलायचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. कामठीपासून काटोलपर्यंतची गिऱ्हाइकं स्क्रीनशॉट घेऊन दुकानात येऊन राहिली आहेत. काल काकाजींनी नव्या कंपनीला फोन लावला, लगेच उचलला गेला.

"बाप्पा, दुकानाच्या टायमात तरी बंद ठेवता येते का हिला?"

तिकीट नंबर मिळाला.