झाड त्यांचं, डागडुजी तुमची

लॉस एंजेलिसमध्ये घर घेतलं की समोरच्या फुटपाथशीही संसार थाटावा लागतो. फुटपाथ सार्वजनिक, तिथून कोणीही चालावं, कुत्रा फिरवावा. मालकाने तिथे खुर्ची टाकली, तर मात्र जागा शहराची. काँक्रीट उखडलं की तेवढ्यापुरती ती मालकाची होते. कॅलिफोर्नियाचा कायदाच तसा: फुटपाथची डागडुजी लगतच्या मालकाच्या गळ्यात.

आता तो उखडतो कशाने? बऱ्याचदा शहराच्याच झाडांच्या मुळांनी. १९७०च्या दशकात केंद्र सरकारचा पैसा आला, तेव्हा शहराला औदार्य सुचलं: मुळांनी बिघडवलेले फुटपाथ आम्ही करू! दुसऱ्याच्या पैशावरचं औदार्य ते. काही वर्षांत पैसा आटला, आश्वासन तेवढं कागदावर राहिलं. मालक शहराकडे बोट दाखवणार, शहर तिजोरीकडे, आणि मुळं आपली वर येतच राहिली. शेवटी उखडलेल्या फुटपाथमुळे व्हीलचेअरसकट रस्त्यात उतरावं लागणारी माणसं कोर्टात गेली. २०१६ मध्ये तडजोड झाली: शहराने ३० वर्षांत फुटपाथांवर सुमारे १.४ अब्ज डॉलर खर्चायचे.

पण शहर म्हणजे काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. नवं धोरण आलं: एकदा आम्ही दुरुस्त करतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. राहत्या घरांना त्या दुरुस्तीची हमी तेवढी २० वर्षांची. मुळांनी मात्र त्या हमीच्या कागदावर सही केलेली नाही. तेव्हा तिथे घर बघायला जाणाऱ्याने खोल्या नंतर मोजाव्यात; आधी दारासमोरच्या फायकसच्या झाडाचं वय विचारावं.