गोठ्याचे स्टुडिओकरण

कोकणातला रिकामा गोठा हल्ली पडतो, होमस्टे होतो किंवा घरातल्या मुलाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होतो. खर्चाच्या दृष्टीने पडणे सर्वांत सोयीचे. स्टुडिओला मात्र मोठी परंपरा आहे. गिटारवादक लेस पॉलने हॉलीवूडच्या घरी गॅरेजातच स्टुडिओ थाटला होता; जमैकात ली पेरीने १९७३ मध्ये घरामागच्या आवारात ‘ब्लॅक आर्क’ उभारला. शेण काढण्यापासून सुरुवात करावी लागली नाही, एवढे त्यांचे नशीब.

गोठ्याची जमेची बाजू म्हणजे जांभ्याच्या भिंती. आवाज अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट झाले की पलीकडे जाणारा आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. गिलावा केलेला जांभा शेजारची लाकूडफोड बरीचशी बाहेर ठेवतो. अंड्यांच्या ट्रेंचे वजन ते काय! तरी ते भिंतीला चिकटवा म्हणणारा एक जाणकार गावात असतोच. ट्रे आवाज अडवत नाहीत, शोषतात जेमतेम. पेटतात मात्र उत्तम.

अडवणे वेगळे, शोषणे वेगळे. आतल्या आत आपटून परतणारा आवाज जिरवायला जाड, मऊ, सच्छिद्र वस्तू हवी. गोठ्यात ती माळाभर रचलेली असते. तिला पेंढा म्हणतात. आधी हा पेंढा फुकट देऊन टाकतात आणि मग शहरातून पैसे मोजून रॉकवूल आणतात. पेंढ्यात उंदीर होतात, हा आक्षेप खरा आहे. रॉकवूलमध्ये ते थोडे उशिरा होतात.

खोलीलाही स्वतःचा गळा असतो. दहा फुटांवर समोरासमोर असलेल्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज घुमतो. लांबी, रुंदी, उंची सारखीच असली की तिन्ही दिशांनी तोच. म्हणून कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड थर लावतात.

खरा वैरी वर असतो. पत्र्याच्या गोठ्यात जून ते सप्टेंबर फक्त पत्र्याचेच रेकॉर्डिंग होते. कौले जरा बरी, पण फटी मोजवत नाहीत. त्यांखाली पोकळी सोडून जिप्समचे दुहेरी छत करतात, दाराला रबरी पट्टी लावतात. आवाजाबरोबर हवाही बंद होते. गायक घामाघूम होतो, एसी येतो, एसीची घरघर माईकमध्ये येते. गाताना एसी बंद ठेवणे हा सर्वमान्य तोडगा. आत राहून गेलेली पाल नेमकी दोन ओळींमधल्या शांततेत चुकचुकते, आणि कंडेन्सर माईक तिच्यावर जराही अन्याय करत नाही.

शेवटी वीज. अर्थिंग नसले की ५० हर्ट्झची गुणगुण प्रत्येक गाण्याला तंबोऱ्यासारखी साथ करते, फक्त बेसूर. वायरमन ‘आहे की’ म्हणत सॉकेटच्या तिसऱ्या भोकाकडे बोट दाखवतो. भोकामागे तार नसते. मग परसात खोल खड्डा खणून धातूची पट्टी, मीठ आणि कोळसा पुरतात. उन्हाळ्यात तिथे तांब्याने पाणी घालावे लागते. करणाऱ्याच्या लेखी हे विद्युतशास्त्र. कुंपणापलीकडून पाहणाऱ्यांना ही करणी वाटते, आणि त्या दिवसापासून त्या घरचा चहा कोणी घेत नाही.