पाच मिलिमीटर राखून

आपल्याकडची कॉम्पॅक्ट एसयूव्ही घडवली कुणी? कंपन्या आपापल्या इंजिनिअरांकडे बोट दाखवतील. मानाचा नारळ मात्र पी. चिदंबरम यांना द्यायला हवा. 2006च्या अर्थसंकल्पात त्यांनी छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16वर आणलं आणि छोटी कोण, हे टेप लावून ठरवलं: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500पर्यंत.

मारुतीची विटारा ब्रेझा 2016च्या मार्चमध्ये आली ती 3995 मिलिमीटरची. पाच मिलिमीटर राखले, बहुधा नंबरप्लेटच्या स्क्रूसाठी. दिसायला पैलवान, पण डिझेल इंजिन 1248 सीसीचं, म्हणून सरकारदरबारी 'छोटी'.

2020मध्ये धुराचे कडक निकष, बीएस-6, आले. मारुतीने डिझेलचा नाद सोडून 1462 सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं. झालं! सवलत गेली, जीएसटी आणि सेस मिळून 45 टक्के कर लागला. लांबी मात्र तीच. सवलतीसाठी कापलेलं शेपूट सवलत गेल्यावर काही परत उगवलं नाही. 2022मध्ये कापायला आणखी काही उरलं नव्हतं, म्हणून नावातलं 'विटारा' कापलं आणि त्याच वर्षी ते 4345 मिलिमीटरच्या थोरल्या बहिणीला, ग्रँड विटाराला, आंदण दिलं.

दरम्यान ब्रेझा 'स्मार्ट हायब्रिड'ही झाली. बॉनेटखाली पट्ट्यावर फिरणारा एक स्टार्टर-जनरेटर. सिग्नलला इंजिन बंद पडलं की तो ते पुन्हा चालू करतो, निघताना थोडा हातभार लावतो. नुसत्या विजेवर गाडी इंचभर हलत नाही. असल्या सौम्य हायब्रिडांचं, वीजगाड्यांसाठीच्या 'फेम' योजनेतलं अनुदानही केंद्राने 2017मध्येच काढून घेतलं होतं. विजेवर खरंच चार पावलं चालायचं असेल, तर थोरलीचं स्ट्राँग हायब्रिड घ्या आणि खिसा सैल करा.

ज्यांना वीज नको, रग हवी, त्यांच्यासाठी ह्युंदाईने 2022मध्ये व्हेन्यू एन लाइन आणली. लाल ब्रेक कॅलिपर, आत लाल शिलाई, मागे सायलेन्सरची दोन तोंडं, आवाज खर्जातला. सस्पेन्शनही जरा घट्ट केलं, हे मान्य. इंजिन? साध्या टर्बो व्हेन्यूचंच, 120 पीएसचं. लाल रंगाने वेग वाढत असता, तर आपल्या लालपरीने कधीच रेस जिंकली असती.

आता 22 सप्टेंबर 2025पासून नवा जीएसटी आहे. छोट्यांना 18 टक्के, बाकीच्यांना 40. टेप जुनीच. त्यामुळे 120 पीएसची टर्बो व्हेन्यू 998 सीसीमुळे छोटी, आणि 103 पीएसची ब्रेझा 1462 सीसीमुळे मोठी! ताकद कुणी विचारतच नाही.

पुढचं मॉडेल कसं असेल, हे बघायला ऑटो एक्स्पोत धक्के खाऊ नका. जीएसटी परिषदेची बैठक कधी आहे, तेवढं विचारून ठेवा.