पांढरं पिठलं

मराठी ताटात प्रत्येकाची जागा ठरलेली. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे वरणभाताची मूद. या बंदोबस्तात बेक्ड व्हेजिटेबल आलं की त्याला बसवायचं कुठे, यावर आमच्या घरी दर वेळी नव्याने खल होतो. भाजी म्हणावी तर फोडणी नाही, कोशिंबीर म्हणावी तर गरम, आणि दुधालोण्याकडे बघून पक्वान्न म्हणावं तर सिमला मिरची आडवी येते. सासूबाई दोनच प्रश्न विचारतात. "याच्याबरोबर पोळ्या लाटायच्या का?" आणि "यात तिखट काय आहे?"

प्रश्न रास्तच आहेत. आपला स्वयंपाक बोलका. मोहरी तडतडली, हिंगाचा वास जिन्यात गेला की तिसऱ्या मजल्यालाही आमचा बेत कळतो. हा पदार्थ मात्र ओव्हनच्या काचेआड मुकाट्याने शिजतो. ढवळायचं नाही, वरून पाण्याचा हबका मारायचा नाही, "मीठ बघ गं" म्हणत कोणाच्या तळहातावर थेंब टाकायचा नाही. ज्या बाईच्या हाताला पळीची सवय, तिने तोवर करायचं काय? सासूबाई स्वच्छ ओटा पुन्हा पुसतात.

खरं काम आधीच संपलेलं असतं. फरसबी, गाजर, मटार, फ्लॉवर अर्धवट उकडून चाळणीत नीट निथळायचे. फ्लॉवरवर विश्वास ठेवू नये; तुऱ्यांत दडवलेलं पाणी तो सगळे जेवायला बसल्यावर सोडतो.

मग व्हाइट सॉस. कपभर दुधाला 2 मोठे चमचे लोणी आणि तेवढाच मैदा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पदरी लुई द बेशामेल नावाचा कारभारी होता, त्याचं नाव या सॉसला चिकटलं आहे. सासूबाईंनी कढईत डोकावून त्याचा निकाल दोन शब्दांत लावला: "पांढरं पिठलं." मला हे एकदम पटलं. पीठ कोरडंच द्रवात पडलं की गुठळीच्या बाहेरचे कण आधी फुगतात, चिकट होतात आणि आतलं पीठ कोरडंच कोंडून ठेवतात. मैदा लोण्यात परतला की कण सुटे राहतात, शिवाय कच्चट वास जातो. पुढे दूध थोडंथोडं घालत हात चालू ठेवायचा. जन्मभर पिठलं हाटलेल्या मनगटाला ही विद्या कोणी फ्रेंच माणसाने शिकवायला नको. आमच्याकडे आता सॉस त्याच करतात, आणि माझी पाठ वळली की त्यात ठेचलेली मिरची-लसूण पडते. मी पाठ वळवते.

चीज अमूलचंच. याची काही जणांना लाज वाटते, मला नाही. जुनं, मुरलेलं चेडार फार तापलं की तूप सोडून रुसून बसतं. प्रोसेस्ड चीजमध्ये घातलेले क्षार स्निग्धांश आणि प्रथिनं एकत्र धरून ठेवतात, त्यामुळे ते शहाण्यासारखं वितळतं. खारट मात्र असतं, तेव्हा सॉसमध्ये मीठ घालताना हात आवरावा.

ओव्हन 200 अंशांवर, साधारण 20 मिनिटं. आतलं सगळं जवळजवळ शिजलेलंच असतं. ही धग मुख्यतः वरच्या पापुद्र्यासाठी. दुधातली साखर आणि प्रथिनं तापून तांबूस होतात, कडेला लागतात, आणि घरभर तो वास सुटतो.

लोण्याच्या बेरीवर आणि दुधाच्या खरवडीवर वाढलेल्या माणसांना या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. पोळ्यांचा प्रश्न तिथेच मागे पडतो. सासरे लोणच्याची बरणी जवळ ओढतात खरी, पण दुसरा हात चमच्याने भांड्याची कड खरवडत असतो. मुलांना कोपरे हवे असतात, चौकोनी भांड्याला कोपरे चारच, आणि त्यातला एक सासूबाईंनी चव बघायला म्हणून आधीच घेतलेला असतो. पुढच्या वेळी पसरट भांडं आण, अशी मागणी आता त्यांचीच आहे. पोळ्या त्या तरीही लाटतात.