मदतीचा प्रयोग

१९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं. त्यात एक मोठी उणीव राहिली. लोकांना अख्खं नाटक बघावं लागलं. गळक्या पत्र्यांसाठी मदतप्रयोग लावताना आमच्या हौशी मंडळानं ती दूर केली. आधी सत्कार, शाल-श्रीफळ, आमदारांची दीड तास वाट, मग भाषण. उरलेल्या वेळात थेट तिसरा अंक. पहिले दोन निवेदिकेनं तोंडी सांगितले (आणि नटांपेक्षा बरे सांगितले). पुढच्या वेळी तिसराही गाळावा, चहाचा खर्च वाचेल. हिशेब चोख आहे: शालींची उधारी फेडायला आणखी एक मदतप्रयोग जाहीर झालाय. पत्र्यांवर तूर्त स्वागताचा फ्लेक्स अंथरलाय. आमदारांकडून एक थेंबही खाली येत नाही.