कंसातला खानदेश

अजिंठ्यावरचा कुठलाही प्रवासलेख काढा. वर पद्मपाणी, मधे वाघूरचं वळण आणि अगदी तळाला, ‘कसे जाल’च्या चौकटीत, कंसात आम्ही: जवळचे रेल्वे स्थानक जळगाव. आमच्या जिल्ह्याची जगात ओळख काय, तर उतरायचं ठिकाण. धुळ्याच्या नशिबी तर कंससुद्धा नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर शेवभाजी खाल्ली, पाण्याची बाटली घेतली, संपलं धुळं.

यापेक्षा चारशे वर्षांपूर्वीचे प्रवासी बरे. १६१०च्या सुमारास विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरला निघाला. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर अशी एकेक गावं त्यानं वहीत टिपली. त्याला वारसा-बिरसा काही जपायचा नव्हता, तो निळीच्या व्यापारातला माणूस. पण मुक्काम केला की गावाचं नाव लिहायचं, एवढी रीत त्याला होती. आजच्या लेखकाला थाळनेर कुठं आहे विचारा. तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, लता मंगेशकरांचं आजोळ तिथलं, हे सांगा. तो म्हणेल, वा, आणि भरीत कुठं चांगलं मिळतं? भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय हो. कबरींना वांग्याइतकं नशीब लागतं.

हल्ली मात्र लिहिणारे यायला लागलेत. येताना विशेषणांची पिशवी भरूनच आणतात: अपरिचित, अस्पर्शित, निसर्गाच्या कुशीतलं. ‘अस्पर्शित’चा अर्थ एवढाच, की लेखक शनिवारी जाऊन आला. रविवारी पन्नास गाड्या जातात, आणि सोमवारी ओढ्यात द्रोण-पत्रावळी तरंगतात. लेखाच्या खाली मात्र ‘शाश्वत पर्यटन’ असा हॅशटॅग असतो. शाश्वत काय, ते ओढ्यातलं प्लास्टिक बघून कळतं.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला परवा असंच झालं. देऊळ, डोंगर, सेल्फी, बिस्किटाचा पुडा. पाटणादेवीच्या याच पाटण गावात शके ११२८चा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाडांनी तो गेल्याच्या गेल्या शतकात उजेडात आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला आणि निकुंभ राजानं त्याला दान दिलं. खरी गंमत त्यातल्या जुन्या मराठी ओळींत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचं राजाचं येणं मठाला द्यावं, असं त्यात नोंदलंय. म्हणजे बाजारात येणाऱ्यानं खरेदी केली की गणिताची शाळा चालणार! पर्यटनातून वारसा सांभाळायचा याचा आराखडा आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलाय, आणि आपण कार्यशाळेत चहा पीत तो नव्यानं शोधतोय. त्या दिवशी पुडा घेऊन आलेल्यानं मठाला काहीच दिलं नाही. पुडा तेवढा दिला.

साक्री-धुळ्याकडे पांझरेवरचे फड बघायला तर कुणीच जात नाही. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर पाटकरी, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एकच पीक. पाणी पुरवून कसं वापरायचं याची ही शेकडो वर्षांची रीत. पण फोटोत ते कसं दिसणार? चिखल आणि ऊस. विशेषण चिकटत नाही म्हणून लेखही येत नाही.

पाटणादेवीहून परतताना वाटेत एका म्हाताऱ्यानं मला थांबवलं. ‘कथाईन उनात भाऊ?’ म्हटलं, जळगावहून, लेख लिहायचाय. त्यानं माझ्या पायांकडे बघितलं, मग गाडीकडे. ‘रातले राह्यनात का?’ नाही, संध्याकाळी परत. तो हसला आणि बैल हाकून पुढं निघाला. मी गाडीत बसून शीर्षक लिहिलं. त्यात ‘अपरिचित’ हा शब्द होता, खोडला.